नदीच्या अलीकडचे मत

पालकहो, आणि वरच्या वर्गातल्या मुलांनो,

'अंकासाठी काहीतरी लिहून द्या' असा ताईंचा निरोप आला की आम्ही दरवेळी 'बघतो' म्हणून वेळ मारून नेतो. यंदा मात्र लिहायचे ठरवले आहे, आणि तेही जरा नाजूक विषयावर. 'वर्गात राजकारण नको' हा आपला अलिखित नियम आहे, तो योग्यच आहे. पालकांमध्ये दोन्ही पक्षांचे लोक आहेत आणि सर्वांना दर रविवारी एकाच थर्मासमधला चहा प्यायचा आहे. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो : कोण निवडून यायला हवे होते, याबद्दल या लेखात एक अक्षरही नाही. निवडून येणे मोजायचे कसे, एवढाच प्रश्न आहे.

आपला वर्ग डेलावेअर नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीत भरतो. काही कुटुंबे पलीकडून, पेनसिल्व्हेनियातून, स्कडर फॉल्सचा पूल ओलांडून येतात. येताना पूल फुकट, घरी जाताना टोल! २०२४ च्या ऑक्टोबरात या पलीकडच्या मंडळींची एकच तक्रार होती. दारावर सारखे प्रचारक, फोन थांबत नाही, टपालपेटीत रोज रंगीत पत्रकांचा गठ्ठा. एका काकूंनी त्या जाड, गुळगुळीत पत्रकांचे दिवाळीसाठी रांगोळीचे साचे कापले आणि वर्गात वाटले. आमच्या वाट्याला कमळ आले.

घरी जाताना आमच्या धाकट्याने गाडीत विचारले, "आपल्याकडे कोणीच कसं येत नाही? तुम्ही मत देत नाही का?"

पोराचा प्रश्न साधा होता, पण आम्हाला लागला. का लागला, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

आम्ही उभयतांनी पहिले मत दिले ते १९९९ साली, सांगलीत. त्या वर्षी महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान एकदमच झाले. शाळेच्या व्हरांड्यात रांग, बोटाला शाई, घरी आल्यावर ती शाई सर्वांना दाखवणे. २००१ मध्ये नोकरीसाठी इकडे आलो. त्यानंतर बरीच वर्षे आमचे मत कुठेच नव्हते. इथे आम्ही परदेशी, आणि तिथे मतदानाच्या दिवशी हजर नाही. २०१८ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली. भारतीय पासपोर्ट रद्द करून घेताना हात जड झाला होता हे कबूल करायला हरकत नाही. एका देशातले मत सोडून दुसऱ्या देशातले घेत होतो. २०२० साली ते मत पहिल्यांदा दिले. कोविडमुळे त्या वर्षी न्यू जर्सीत सर्व मतदारांना टपालाने मतपत्रिका आल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर बसून, काळ्या पेनाने, गोल काळजीपूर्वक भरले. शाई बोटाला नाही, पण पेनाची थोडी लागली. आणि आता आमचाच मुलगा विचारत होता की तुम्ही मत देत नाही का!

त्याच सुमारास थोरलीने दुसरा प्रश्न काढला. आपल्या वर्गाची ही जुनी विद्यार्थिनी २०२४ मध्ये अठरा वर्षांची झाली आणि शिकायला फिलाडेल्फियाला गेली. कॉलेजच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिथल्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवता येते किंवा घरच्या पत्त्यावर ठेवता येते. दोन्ही कायदेशीर आहे. तिने फोनवर विचारले, "नाव कुठे घालू? सगळे म्हणतात, न्यू जर्सीत मत देऊन काय उपयोग, इथे दे, इथे किंमत आहे."

घरात यावरून वाद झाला. आमच्यातला एक पक्ष म्हणाला, कायदा परवानगी देतो, मग किंमत असेल तिथे द्यावे. दुसरा म्हणाला, मत म्हणजे काय भाजी आहे, भाव बघून बाजार बदलायला? हा वाद अजून मिटलेला नाही. पण त्यातून आम्ही आकडे घेऊन बसलो. इंजिनिअर माणसाला भांडण मिटवण्याचा दुसरा मार्ग माहीत नसतो.

आधी पद्धत समजून घेऊ. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही. लोक निवडतात ते निर्वाचक, आणि त्यांच्या मंडळाला इलेक्टोरल कॉलेज म्हणतात. (धाकट्याने विचारले, 'ते कॉलेज कुठल्या गावात आहे?' कुठल्याच नाही. सगळे निर्वाचक एका जागी कधी जमतच नाहीत. आपापल्या राज्यात बसून मते देतात.) एकूण निर्वाचक ५३८. प्रत्येक राज्याला, त्याचे हाउसमधले सभासद अधिक दोन सेनेटर, इतके निर्वाचक. राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या घटनादुरुस्तीने तीन मिळाले. जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक.

हे मुलांना कसे समजवायचे? ताईंनी वर्गात एक प्रयोग केला. वर्षअखेरच्या स्नेहभोजनाला मिसळ की पावभाजी, यावर सर्व त्रेचाळीस मुलांचे मतदान घेतले. प्रत्येक तुकडी म्हणजे एक राज्य, आणि तुकडीत जितकी मुले तितके तिचे गुण. निकाल असा लागला :

अंकुर (६ मुले) : मिसळ २, पावभाजी ४.
पालवी (८ मुले) : मिसळ ३, पावभाजी ५.
कळी (९ मुले) : मिसळ ४, पावभाजी ५.
फूल (१३ मुले) : मिसळ ११, पावभाजी २.
फळ (७ मुले) : मिसळ ३, पावभाजी ४.

मुलांची बेरीज केली तर मिसळ २३, पावभाजी २०. पण तुकड्यांचे गुण मोजले तर पावभाजी ३०, मिसळ १३! फूल तुकडीत एकच गलका झाला. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "आमची सात मतं पुरली असती. उरलेल्या चौघांनी मत दिलं काय आणि नाही दिलं काय!" मग ताईंनी विचारले, "समजा पुन्हा मतदान घेतलं, तर मिसळवाले कोणाला समजवायला जातील?" सगळ्या माना एकदम कळी तुकडीकडे वळल्या. तिथले एकच मत फिरले असते तर कळीचे नऊच्या नऊ गुण मिसळीकडे आले असते आणि मिसळ २२–२१ ने जिंकली असती.

फूल म्हणजे न्यू जर्सी. कळी म्हणजे पेनसिल्व्हेनिया. धाकट्याला उत्तर मिळाले.

आता खरे आकडे पाहू. २०२० च्या निवडणुकीत न्यू जर्सीतला फरक सात लाखांहून जास्त होता; पेनसिल्व्हेनियातला सुमारे ८० हजार. २०२४ मध्ये इथला अडीच लाख, तिथला सव्वा लाखाहून थोडा कमी. २०१६ मध्ये तिथला फरक तर फक्त ४४ हजार होता. प्रचारक नदीच्या कोणत्या काठाला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

इथे एक गंमत लक्षात घ्या. लोक नेहमी म्हणतात, लहान राज्यांना जास्त वजन दिले आहे, म्हणून हा अन्याय होतो. वजनाचा फरक आहे, हे खरे. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार माणसांमागे एक निर्वाचक येतो, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजारांमागे. पण न्यू जर्सीत हा आकडा ६ लाख ६३ हजार आहे आणि पेनसिल्व्हेनियात ६ लाख ८४ हजार. म्हणजे कागदावर आमचे वजन पलीकडच्या काकूंपेक्षा किंचित जास्तच आहे! तरीही रांगोळीचे साचे त्यांच्याकडे. तेव्हा आमच्या मताची किंमत घटते ती वजनामुळे नव्हे, 'जिंकणाऱ्याला सगळे' या नियमामुळे.

आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. पहिल्या नोकरीत आम्ही बिले छापण्याचा एक प्रोग्राम लिहिला होता. त्यात बिलाची प्रत्येक ओळ आधी पूर्ण रुपयात आणली, पैसे कापून टाकले आणि मग बेरीज केली. शंभर ओळींच्या बिलात हिशोब चुकला, आणि आमचे साहेब जे बोलले ते इथे छापण्यासारखे नाही. शाळेतलाच नियम आहे : आधी सगळी बेरीज करा, पूर्णांक करायचा तो शेवटी, एकदाच. इलेक्टोरल कॉलेज नेमके उलटे करते. पन्नास राज्यांत जवळजवळ पन्नास वेळा पूर्णांक करते आणि मग बेरीज. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते, कारण चुका एकमेकींना खाऊन टाकतात. पण प्रत्येक वेळी नाही.

२००० साली अल गोर यांना देशभरात सुमारे ५ लाख ४४ हजार मते जास्त होती. राष्ट्राध्यक्ष झाले जॉर्ज बुश, २७१ विरुद्ध २६६ ने. (राजधानीच्या एका निर्वाचकाने मत कोरे ठेवले, नाहीतर २६७.) सगळे अडकले होते फ्लोरिडात, जिथे सुमारे साठ लाख मतांत फरक निघाला ५३७ चा. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख ६९ हजार मते जास्त. राष्ट्राध्यक्ष झाले डॉनल्ड ट्रम्प. १८७६ आणि १८८८ सालीही असेच झाले होते.

थोरलीच्या जुन्या वर्गमित्रांना आम्ही एक वजाबाकी करायला लावली. प्रत्येक राज्याचे ते दोन सेनेटरांचे जादा निर्वाचक काढून टाका, राजधानीचेही दोन काढा. मग काय होते? २००० साली बुश यांनी ३० राज्ये जिंकली होती : २७१ मधून ६० गेले, २११ राहिले. गोर यांची २० राज्ये आणि राजधानी : २६७ मधून ४२ गेले, २२५ राहिले. निकाल फिरला! आता २०१६ घ्या. राज्यांच्या निकालाप्रमाणे ३०६ विरुद्ध २३२ होते आणि राज्ये पुन्हा ३० विरुद्ध २० अधिक राजधानी. ३०६ वजा ६० म्हणजे २४६. २३२ वजा ४२ म्हणजे १९०. निकाल तोच! म्हणजे २००० मध्ये लहान राज्यांच्या जादा वजनाने काम केले. २०१६ मध्ये मात्र ते वजन काढूनही उपयोग नव्हता. तिथे दोष पूर्णांकाचा होता.

'हे सगळे एका पक्षाचे रडगाणे आहे' असे ज्यांना वाटेल त्यांनी २००४ चा हिशोब करावा. त्या वर्षी बुश यांना देशात तीस लाख मते जास्त होती, पण ओहायोत फक्त १ लाख १८ हजार. त्या एका राज्यातली साठ हजार मते इकडची तिकडे झाली असती तर जॉन केरी राष्ट्राध्यक्ष झाले असते आणि आज रडणारे दुसरे असते. २०२० मध्ये देशातला फरक सत्तर लाखांचा. पण जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतला फरक मिळून ४३ हजारांहूनही कमी. ती तिन्ही फिरली असती तर २६९–२६९ अशी बरोबरी झाली असती आणि निर्णय हाउसकडे गेला असता, जिथे अशा वेळी प्रत्येक राज्याला एकच मत असते. वायोमिंगला एक, कॅलिफोर्नियालाही एक!

ही पद्धत आली कुठून? १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती तेव्हा पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी थेट लोकांच्या निवडणुकीची बाजू मांडली होती. व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन यांनाही तत्त्व मान्य होते. पण त्यांनी अडचण सांगितली. दक्षिणेतल्या राज्यांत गुलाम पुष्कळ, त्यांना मत नाही, म्हणून थेट निवडणुकीत दक्षिण मागे पडणार. हाउसमधल्या जागा ठरवताना गुलामांची गणना पाचातल्या तीन भागांनी होणार होती, आणि निर्वाचकांची संख्या त्या जागांशी जोडल्यावर दक्षिणेची अडचण सुटली. याशिवाय लांबच्या राज्यातला उमेदवार सामान्य माणसाला कसा माहीत असणार, लहान राज्यांचे काय, हेही प्रश्न होते. एकाच कारणाने कुठलीच गोष्ट होत नाही. पण गुलामीचा हिशोब या पायात आहे, ही गोष्ट मुलांपासून लपवू नये.

आणि 'जिंकणाऱ्याला सगळे' हा नियम तर घटनेत नाहीच. निर्वाचक कसे नेमायचे ते घटनेने राज्यांवर सोडले. १८०० साली व्हर्जिनियाने आपल्या जेफर्सन यांना सगळी मते मिळावीत म्हणून जिल्हावार पद्धत सोडून हा नियम घेतला. 'त्यांनी केले, मग आपण का मागे राहायचे' असे करत १८३६ पर्यंत साउथ कॅरोलायना सोडून सर्व राज्ये त्यावर आली. खुद्द मॅडिसन यांनी १८२३ च्या एका पत्रात लिहिले आहे की घटना करताना बहुतेकांच्या मनात जिल्हावार पद्धत होती. म्हणजे ज्याला आपण पूर्वजांची पवित्र परंपरा समजतो ती पुष्कळशी पक्षांची खेळी आहे.

चहाच्या टेबलाशी हा विषय निघाला की कोणीतरी काका हमखास म्हणतात, "अहो, आपल्याकडेही राष्ट्रपती असाच निवडतात की!" खरे आहे. भारताच्या राष्ट्रपतींना खासदार आणि आमदारांचे निर्वाचक मंडळ निवडते. आमदाराच्या मताला राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे मूल्य असते : उत्तर प्रदेशात २०८, महाराष्ट्रात १७५, गोव्यात २०, सिक्कीममध्ये ७. (ही लोकसंख्या मात्र १९७१ ची आहे.) पण फरक पाहा. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांची मते एका गठ्ठ्यात कोणाला दिली जात नाहीत. प्रत्येकाचे मत वेगळे मोजले जाते. शिवाय तिथे पसंतीक्रम असतो. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर निवडून आले. २००७ मध्ये आपल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या त्याही याच पद्धतीने. आणि भारतात राज्यकारभार राष्ट्रपती नव्हे, पंतप्रधान चालवतात. म्हणून या निवडणुकीवर तिथे इथल्याइतके अवलंबून नसते.

मात्र फार फुशारकीही नको. २०१८ च्या कर्नाटक विधानसभेत काँग्रेसला ३८ टक्के मते आणि ८० जागा, तर भाजपला ३६ टक्के मते आणि १०४ जागा मिळाल्या होत्या. पूर्णांकाची चूक आपल्याकडेही होते. पण आमदार हा त्या मतदारसंघाचा माणूस असतो, म्हणून तिथे कोण जिंकले हे तिथेच ठरावे, यात अर्थ आहे. राष्ट्राध्यक्ष हा न्यू जर्सीचा किंवा ओहायोचा नसतो, सगळ्या देशाचा असतो. जो सर्वांचा, त्याची मोजणी सर्वांची एकत्र हवी.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ते वेडे नाहीत, म्हणून नीट ऐकले पाहिजे.

पहिले : लहान राज्यांना कोण विचारेल? आम्ही विचारतो, आज कोण विचारते? २०२४ मध्ये सगळी धावपळ पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेव्हाडा या सात राज्यांत होती. वायोमिंगला तीन निर्वाचक असून त्याच्या दारी प्रचारक नाही. लहान राज्यांचे रक्षण सेनेट करते; तिथे वायोमिंगचे दोन आणि कॅलिफोर्नियाचेही दोन. ते राहणारच आहे.

दुसरे : मग मोठी शहरेच राज्य करतील. २०२० च्या जनगणनेत देशातल्या दहा सर्वांत मोठ्या शहरांची लोकसंख्या मिळून २ कोटी ६१ लाख होती. देशाची ३३ कोटी. शेकडा आठ. आठ टक्क्यांत कोण राज्य करतो? शिवाय शहरात सगळे एकाच पक्षाचे नसतात. घरात दोन माणसे एका मताची नसतात, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

तिसरे म्हणणे आम्हाला खरोखर पटते. घरात प्रत्येक खोलीचा फ्यूज वेगळा असतो, म्हणून स्वयंपाकघरात बिघाड झाला तर झोपायच्या खोलीत अंधार होत नाही. २००० साली भांडण झाले, ते फ्लोरिडापुरते. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्यात देशभरात फरक होता सुमारे १ लाख १० हजारांचा, पावणेसात कोटींहून अधिक मतांत. तेव्हा थेट मोजणी असती तर पन्नास राज्यांत पेट्या पुन्हा उघडाव्या लागल्या असत्या. आणि इथे भारतासारखा सगळ्या देशाची निवडणूक घेणारा एक निवडणूक आयोग नाही. मतदार नोंदणी, टपाली मते, मोजणी, सगळे नियम राज्याराज्यांत वेगळे. वेगवेगळ्या मापाने मोजलेले दूध एकाच पातेल्यात ओतून 'किती लिटर' विचारण्यासारखे ते होईल. म्हणून थेट मत हवे असेल तर आधी मापे सारखी करावी लागतील. आमच्या बाजूचे लोक याकडे काणाडोळा करतात, तो करू नये.

काही जण मधला मार्ग सुचवतात : मेन आणि नेब्रास्कासारखे जिल्हावार निर्वाचक सर्वत्र द्या. हा हिशोबही करून पाहिला. २०१२ मध्ये ओबामा यांना जवळजवळ पन्नास लाख मते जास्त होती, पण हाउसच्या ४३५ जिल्ह्यांपैकी २२६ रॉम्नी यांनी जिंकले होते. जिल्हावार पद्धतीने रॉम्नी २७४–२६४ ने राष्ट्राध्यक्ष झाले असते! रुपयाऐवजी आठ आण्यांत पूर्णांक केला म्हणून चूक जात नाही. शिवाय जिल्ह्यांच्या सीमा आखणारे हात बहुतेक राज्यांत राजकारण्यांचेच असतात.

मग उपाय? १९६९ साली हाउसने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली होती. १९७० मध्ये सेनेटमध्ये ती लांबलचक भाषणांच्या अडवणुकीत अडकली. आता राज्याराज्यांचा एक करार चालू आहे : देशात ज्याला जास्त मते त्याला आपले सगळे निर्वाचक द्यायचे, पण करारातल्या राज्यांची बेरीज २७० झाल्यावरच. न्यू जर्सी त्यात २००८ पासून आहे. २०२४ मध्ये मेन आल्यावर बेरीज २०९ झाली. आम्हाला हेतू मान्य आहे, पण धास्तीही वाटते. ज्या वर्षी एखाद्या राज्याच्या लोकांनी एकाला निवडले आणि त्यांचे निर्वाचक दुसऱ्याला द्यावे लागले, त्या वर्षी ते राज्य करार पाळील का? पक्का पाया घटनादुरुस्तीचाच. त्याला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्ये लागतात. कठीण आहे, पण १९६९ ला निम्मा रस्ता झाला होता.

आमचे मत आम्ही सरळ सांगतो. राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी निवडावा, मापे सारखी करून, आणि तेही घटना बदलून. आणि हे बोलायची वेळ आत्ताची आहे. २०२४ मध्ये जिंकलेल्यांना ३१२ निर्वाचकही मिळाले आणि देशात सुमारे तेवीस लाख मतेही जास्त. म्हणजे या खेपेला नियमाविषयी कोणाचे रडणे नाही. डाव संपला आहे, दुसरा मांडलेला नाही. नियमाची चर्चा करायची ती अशा वेळी.

चालू डावात मात्र नियम बदलू नये. ताईंनीही निकाल बदलला नाही. स्नेहभोजनाला पावभाजीच झाली, आणि फूल तुकडीने ती खाल्ली. दोघातिघांनी तर दुसऱ्यांदा वाढून घेतली. पुढच्या वर्षी कसे मोजायचे, यावर मात्र त्याच दिवशी हात वर करून मत घेतले. चार तुकड्यांनी सांगितले, सर्वांची मते एकत्र मोजा. 'जुनेच बरे' म्हणणारी एकच तुकडी होती : कळी. कारण विचारले तर एक चिमुरडा म्हणाला, "सगळे आम्हालाच विचारायला येणार ना!"

राहता राहिली थोरली. तिने नाव फिलाडेल्फियात घातले. आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, "वर्षाचे नऊ महिने मी इथे राहते, इथली बस माझी, इथले रस्ते माझे, म्हणून." कारण चांगले आहे. पण आमच्यातल्या एकाला अजून शंका येते की खरे कारण ते, की किंमत? आपल्याच मुलीच्या प्रामाणिक उत्तरावर शंका यावी, याचे वाईट वाटते. पुढच्या खेपेला धाकट्याची पाळी येईल. तोवर नियम असा व्हावा की नदीच्या या काठाला काय आणि त्या काठाला काय, मताची किंमत सारखीच, आणि नाव कुठे घालायचे हे त्याने फक्त आपण कुठले, एवढे बघून ठरवावे.

तोपर्यंत आम्ही आमचे गोल काळजीपूर्वक भरत राहू. आकड्यांत कोणाला चूक सापडली तर रविवारी चहाच्या वेळी जरूर दाखवावी.